कणकण

उणे एकतीस. फ्लिन फ्लॉनच्या गोठल्या तळ्यावर
स्कीवर उभं वर्नाचं विमान.

हीटर सातशे डॉलरचा. राहू दे.
काल रात्री ऑइल काढून घरी नेलं,
चुलीपाशी ठेवलं, सूपच्या पातेल्याला खेटून.
मुलगा म्हणाला, यातलं आपलं कुठलं?

आता नाकावर जुनी रजई,
खाली पंपाचा स्टोव्ह, धुराड्याचा वाकडा पाइप,
आणि खोक्यावर ती. हलायचं नाही.
अंब्रोझ नुसता चहाला गेला होता,
परतला तेव्हा शेपूट तेवढं उरलेलं.

चाळीस मिनिटांनी हातमोजा काढून
रजईत हात सारते,
सिलिंडरला पालथा लावते, कपाळाला लावतात तसा.
ताप चढावा म्हणून
जागणारी ही एकटीच.

पुढच्या दोघांना जरा कणकण.
मागचे अजून बधिर.
ती स्टोव्हला चार पंप मारते,
पुन्हा बसते.