जर्किन

वानवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
तिच्या खुर्चीच्या पाठीवर राहिलं जर्किन.
खिशात स्कूटरची किल्ली.

परत वर गेलो असतो
तर खाली आलो नसतो.

म्हणून चालत. डिसेंबर.
रेसकोर्सच्या भिंतीलगत दात वाजत होते
आणि पप्पांचा रविवारचा आवाज:
मिसरातला तो पोरगा
अंगरखा तिच्या हातात सोडून पळाला रे,
थांबून वाद नाही घातला.
लहानपणी मी हसायचो. पळपुटा!

क्वार्टर गेटला चहावाला म्हणाला,
साहेब, थंडी नाही वाजत?
वाजते, म्हटलं.
गळ्याशी तिचं अत्तर अजून होतंच.

नाना पेठेत एस्तेरनं दार उघडलं.
"जर्किन कुठाय?"
जिभेवर तीन थापा तयार होत्या.
"बस," म्हटलं, "सांगतो."

दार अजून उघडंच होतं.
मी आतून कडी लावली.