जरा

मनोवारा बोरिशालची. वय एकोणीस.
उर्दूचं एकही अक्षर तिला वाचता येत नव्हतं.
मी तिचे संवाद बांगला लिपीत उतरवून द्यायचो,
शाळेच्या वहीत, निळ्या शाईने,
आणि जीभ जिथे दातांशी न्यायची
तिथे अक्षराखाली एक तांबडा ठिपका.
पगार एकशे दहा. शिवाय दुपारचा भात.

ती ठिपका विसरायची.
नायकाला म्हणायचं होतं, जरा थांबा.
तिच्या तोंडून निघायची ती जरा, केस पिकवणारी.
"अगं, एकोणिसाव्या वर्षी
म्हातारपणाला कशाला थांबवतेस?"
लाइटवाल्यांसकट सगळा सेट हसायचा.
"डास कसा गुणगुणतो ऐकलंस? तसा काढ."
मग शीतलक्षेच्या काठावर, दिवेलागणीला,
मेकअप न उतरवता ती बसायची
खऱ्या डासांत एक डास होऊन.

गाण्यात मात्र चूक नव्हती.
गाण्यातला गळा दुसरीचा,
लाहोरहून विमानाने आलेला, खोक्यात, भुशात गुंडाळून.
मनोवाराने फक्त ओठ हलवायचे
आणि नायकाने वल्हं.
त्याला पोहता येत नसे,
म्हणून चार कोळी गळ्याइतक्या पाण्यात
नाव धरून उभे.

तिकडे अकरा आठवडे चालला. इथे तीन.
मग एकाहत्तर.
त्यानंतर तिकडचे म्हणाले, तो इकडचा,
इकडचे म्हणाले, तो त्यांचा,
आणि रिळं नारायणगंजच्या गोदामात पडून राहिली.
पुढे म्हणे बांगड्यांच्या कारखान्यात गेली.
असतील कुणाच्या तरी मनगटावर
नदी, चंद्र, तिची अर्धी पापणी.
फिल्मच्या बांगड्या वाजत नाहीत.

परवा फैयाजने मोबाइलवर गाणं दाखवलं.
कॅम्पातल्या आमच्या खोलीत वीज नव्हती,
तेवढाच उजेड.
चार मिनिटं, मधे मधे उडालेली.
नावेच्या कडेला बोटं दिसतात कोळ्यांची.
पूर्वी दिसायची नाहीत,
की मी तिकडे बघतच नव्हतो?
"दादा, ही कोण?"
म्हटलं, होती एक.

सांगायचं ते त्याला सांगितलं नाही.
गेल्या पौषात, फार्मगेटला, डोळ्यांच्या इस्पितळात,
औषध घालून बसवलं होतं सगळ्यांना बाकावर,
जग दुधात कालवलेलं.
नर्सने पुकारलं, मनोवारा बेगम, बोरिशाल.
शेजारची बाई काठी चाचपत उठली.
मी गप्प.
कॅम्पाबाहेर मी चाळीस वर्षं बांगलाच बोलतो.
तीही तासभर बांगलाच बोलत होती,
एकटू पाणी द्या, एकटू सरका.

माझे पाय वाटेत होते.
तिची काठी माझ्या चपलेला लागली, थांबली.
आणि ती म्हणाली,
जरा.

डासाइतका बारीक. दातांमागून.

मी पाय आत घेतले.