तेविसावी पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
ठीक.
पण एर्मेलिंदाच्या घराच्याच पायऱ्या अठ्ठावन्न,
पोर्तोमधल्या, नदीकडे कललेल्या एका चिंचोळ्या इमारतीत,
आणि त्यातली तेविसावी
मार्चपासून नाही.

आधी जिन्यातला दिवा गेला.
दिव्यासाठी कुणी वकील करतं का, म्हणाली ती,
आणि स्टुलावर चढून नवा बसवला.
मग पाणी गेलं. दोन दिवस, मग आठवडाभर.
झुल्मिराकडून बादल्या आणल्या,
गुडघे काय काय बोलले ते ऐकून घेतलं.
मग पत्र आलं, जाड कागदाचं,
वर कंपनीचं नाव सोनेरी,
खाली ‘आदरणीय भाडेकरू’.
जुन्या मालकाने चाळीस वर्षांत
तिला एकदाही आदरणीय म्हटलं नव्हतं.
तो ओरडायचा, ए एर्मेलिंदा, गळतंय का अजून?
आणि स्वतः यायचा कौलं घेऊन.
पत्र तिने पावाच्या डब्याखाली सरकवलं.

पायरी मोडली तेव्हा
अबीलियोच्या पेटीतून हातोडा काढला
(माणूस गेला, हातोडा राहिला)
आणि फळी ठोकली.
पुढच्या सोमवारी फळी गायब.
तेव्हाही नाही.
वकील म्हणजे भांडण, भांडण म्हणजे पैसा,
आणि आईने शिकवलेलं एवढंच:
उसवलं तर घरी शिव,
फाटलं तरी घरीच शिव.

मग दुआर्ते आला, कंपनीचा, कोवळ्या दाढीचा.
तिने वरून पावलं मोजली, सवयीने:
एकवीस, बावीस,
मग एक लांब ढांग,
चोवीस.
अंधारात. न अडखळता.
पहिल्यांदाच आलेला माणूस.

त्याने केकचा खोका टेबलावर ठेवला,
तिच्या तब्येतीची चौकशी केली,
मांजराचं नाव विचारलं.
‘फक्त माहितीसाठी’ असा एक कागद पुढे केला,
पेन उघडूनच दिलं हातात.
सही कुठे, ते शोधायला लागू नये
म्हणून पेन्सिलीने आधीच केलेली
एक बारीक फुली.

पन्नास वर्षं काजं केलेली बाई ती.
कापडावर अशी फुली हजारदा पाहिलेली.
खूण करतो, तो कापणारच असतो.

चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणाली.
चष्मा एप्रनच्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी झुल्मिराला सांगितलं,
डॉक्टरकडे जाऊन येते.
(तिथे वकिलालाही डॉक्टर म्हणतात.)
काय दुखतंय?
जिना, म्हणाली एर्मेलिंदा.

औषधाच्या दुकानावरचं ऑफिस. पायऱ्या चौदा, सगळ्या जागेवर.
वकीलबाई कुश्तोदिया सर्दीने बेजार,
तिने बटणांच्या डब्यातले पैसे मोजून घेतले,
पत्र वाचलं, पावाचा चुरा झटकून पुन्हा वाचलं,
आणि एकच विचारलं:
कशावर सही केलीत?
कशावरच नाही.
तेव्हा कुठे ती खुर्चीत मागे रेलली,
नाक शिंकरलं,
आणि म्हणाली, लोक सही करून येतात हो.
सही करतात, सामान बांधतात, मुलाच्या घरी कोपरा मिळतो,
तिथे करमेना झालं की येतात.

तिच्या बाहीचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं.
एर्मेलिंदाला ते आल्यापासून छळत होतं.
काढा कोट, म्हणाली शेवटी.
बटण मी लावते,
तुम्ही कलम लावा.

निकाल? अजून नाही.
तारीख पडली आहे, पुढची पडेल.
केक मुंग्यांना आवडला.
संध्याकाळी ती घरी आली, कठड्याला धरून,
बावीसवर थांबली, दम खाल्ला,
खालच्या काळोखाकडे पाहिलं,
आणि या खेपेला फळी न ठोकता
त्या भोकाचा फोटो काढला.