शेऱ्याचा रकाना

रात्री पावणेदोनला मगदूम साहेब छत्री न मिटताच आत आले
आणि म्हणाले, चारवरून सहा.
एवढंच. पुढं फूट म्हणायचीही गरज नसते
कंट्रोल रूममध्ये या दिवसांत.

मी आधी भोंगा दिला.
काठावरची कुत्री भोंग्याला उत्तर देतात,
माणसं सामान वर चढवत असतात.
मग एकेक दार.
वक्री दरवाजा उचलताना पहिला आवाज पाण्याचा नसतो,
तारेच्या दोराचा असतो, दाढेखाली खडा आल्यासारखा,
मग पायाखालची जमीन सांगते, सुटलं.

नवजाला काल जे पडलं
ते आकड्यात लिहिलं तर खोटं वाटेल.
तळं तासाला अर्ध्या वितीनं वर येतंय.
वरचं थांबत नाही, खालचं हलत नाही,
आणि मधे मी, एक हिरवं बटण, एक लाल,
डब्यातली गार चपाती.

हे पाणी कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर धडकेल,
दोघी वळतील,
बहे, भिलवडी, औदुंबराच्या पायऱ्या गिळून
उद्या रात्री याच सुमाराला
आयर्विन पुलाच्या खांबावरचे आकडे मोजत
सांगलीत, काकानगरात, तिसऱ्या गल्लीत
वैजूच्या जिन्याला लागेल.
वैजू माझी धाकटी बहीण.

तिला फोन केला. नियमात बसतं की नाही, माहीत नाही.
भोंगा तिच्यापर्यंत पोचत नाही, एवढं खरं.
'किती?' झोपलेली नव्हतीच.
'सहा.'
'तुझं सहा म्हणजे माझ्या किती पायऱ्या?'

याचं कोष्टक नाही कुठं.
कुठल्या तारखेला तळं किती भरलेलं असावं
याची सूची आहे भिंतीवर, लॅमिनेशन केलेली.
पायऱ्यांची नाही.
'दोन,' मी म्हणालो. अंदाजानं.
अंदाज असा, की घाबरू नये तिनं, पण मशीन वर न्यावी.

शिलाई मशीन तिनं आधीच नेली होती,
सोबत बानूबींच्या दोन शेळ्या
आणि दिराच्या कारखान्यातले, रंग न दिलेले
शाडूचे सव्वीस गणपती.
'पाण्याला सगळ्यात जास्त हेच भितात,' म्हणाली.
हसली बहुतेक.

मग चिडली.
'मे महिन्यात आठ दिवसांनी नळ येत होता,
तेव्हा कुठं होतास रे तू, आणि तुझी सहा दारं?'
इथंच, म्हणालो.
तळं खाली गेलं होतं, आजोबांच्या घराचं जोतं उघडं पडलेलं.
जाऊन आलो. चुलीचा दगड अजून काळा आहे.
ती गप्प झाली. पलीकडं शेळी ओरडली.

आजोबांना या तळ्यानं उठवलं,
गाडीत बिऱ्हाड घालून ते खाली गेले, नदी जाईल तिकडं.
पाणी आमचा पत्ता विसरलेलं नाही.

टपरीवर विचारतात, जुलैतच का नाही सोडलंत?
बरोबर आहे. सोडलं असतं, आणि ऑगस्ट कोरडा गेला असता,
तर हेच लोक, याच टपरीवर, एवढ्याच आवाजात:
का सोडलंत?
साहेब ऐकून घेतात
आणि चहा बशीत ओततात, काठोकाठ, एक थेंब न सांडता.

दुसऱ्या रात्री वैजूचा मेसेज आला. शब्द नव्हता.
बॅटरीच्या उजेडात जिन्याचा फोटो.
वर राहिलेल्या पायऱ्या मोजल्या,
तेरातून वजा केल्या.
चार.
मी दोन सांगितल्या होत्या.

रजिस्टर समोर उघडं. वेळ, पातळी, आवक, विसर्ग.
शेवटचा रकाना शेऱ्याचा; तो रिकामाच असतो,
फार तर 'पाऊस चालू'.
मी लिहिलं, चौथी पायरी.
मग खोडलं. खोडलं की बाजूला सही करायची असते.
केली.

पाणी उतरलं. रजिस्टर तपासणीला गेलं
आणि महिन्यानं परत आलं.
त्या ओळीखाली कुणीतरी
लाल पेनानं विचारलंय:
कोणती?