पुरे

या गावात दार कुणी ठोठावत नाही.
फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवायच्या,
तीन, फार तर चार,
आणि कुत्र्यांचं भुंकून होईस्तोवर थांबायचं.
पहिल्या दिवशी मला वाटलं,
वामानी कुणाचं तरी कौतुक करतोय.

वामानी माझा जोडीदार, पेरूच्या डोंगरातला.
पाराग्वायच्या या लाल मातीत माझ्याआधी पाच महिने उतरलेला,
म्हणून त्याला सगळं ठाऊक:
कुठल्या विहिरीचं पाणी पोटाला बरं,
सायकलची चेन उतरली तर गुडघा टेकायचा नाही,
काळी पँट एकच आहे.
कोंबडी माझ्या पलंगाखाली अंडी घालते,
तिला हाकलायचं नाही,
पलंग आधीपासून तिचा.

पांढरा शर्ट रोज रात्री धुतो.
तिसऱ्या आठवड्यात तो कच्च्या विटेच्या रंगावर आला.
आई फोनवर विचारते,
तिच्यामागे डाकोटातलं बीटाचं शेत, त्यावर बर्फ,
विचारते, येतात का रे लोक ऐकायला?
मी सांगतो, कोंबडी येते.

पाण्याला गुआरानीत एकच अक्षर आहे.
ना इ, ना उ,
घशात मागे कुठेतरी अडकलेलं.
मी ते उच्चारतो
आणि न्या सेफेरिनाची नातवंडं लोळायची तेवढी बाकी राहतात.
तारण येतं मला, अनुग्रह येतो,
पश्चात्तापाची सगळी रूपं चालवून दाखवीन.
पाणी मागता येत नाही.

दुपारी एक ते तीन गाव मिटलेलं असतं.
वामानी तापाने पडला होता, मला कुणी सांगितलं नाही.
निघालो एकटाच, पुस्तक काखेत,
उन्हात हे माझं मक्याच्या तुऱ्यासारखं डोकं.
आंब्याखाली दोन पोरं खेळत होती.
मला पाहून अशी पळाली
की एकाची चप्पल तिथेच राहिली.

संध्याकाळी कळलं.
भर दुपारी रानातून सोनेरी केसांचा एक मुलगा येतो,
न झोपणाऱ्या पोरांना घेऊन जातो.
जासी जातेरे त्याचं नाव.
मी चप्पल द्यायला गेलो
तर धाकटा आजीच्या घागऱ्यामागून निघेना.
न्या सेफेरिना म्हणाली, बस.

बसतो. रोजच बसतो तिच्या अंगणात.
गाईच्या शिंगाचा पेला, त्यात कडू पानं,
वरून बर्फाचं पाणी, सगळ्यांना मिळून एक नळी.
मी पितो, मान लववतो, म्हणतो, आभारी आहे.
मग पेला फिरतो.
म्हाताऱ्या आपारिसिओकडे, सुनेकडे, वामानीकडे,
पुन्हा आपारिसिओकडे,
आणि दर फेरीला मला ओलांडून जातो.
वहीत लिहिलं होतं मी:
हे लोक मला टाळतात.
प्रभू, यांची मनं मऊ कर.

आज सकाळी दात घासता घासता वामानी म्हणाला,
तू झोपेत बडबडतोस.
आणि थुंकून म्हणाला,
अरे, पेला परत देताना आभार मानले
की इथे त्याचा अर्थ पुरे.

म्हणजे महिनाभर
मी घरोघरी जाऊन, हसतमुखाने,
पहिल्याच घोटाला सांगत होतो,
पुरे.

आज तोंड मिटून बसलो.
पेला आला. गेला. आला.
सूनबाई साबुकंद सोलत होती, एक सुरी माझ्याकडे सरकवली,
माझी साल जाड निघाली, ती काही बोलली नाही.
पुस्तक बाकावर होतं, त्यावर कुणीतरी सालींचं ताट ठेवलं.
पाचव्या फेरीला तो धाकटा आला,
माझा एक केस ओढून पाहिला,
आणि पळाला नाही.

रात्री गुडघे टेकले.
देवा, या दिवसाबद्दल,
एवढं म्हटलं आणि पुढचा शब्द ओठांवरच थांबवला.
पत्र्यावर कच्चा आंबा पडला.
कोंबडी खाली जरा सरकून बसली.