प्रश्न क्रमांक सतरा

रुवीत, तिसऱ्या मजल्यावर, एसी अठरावर.
टेबलावर खजूर, करकचे कागदी पेले
आणि चिप्स चुरून गुंडाळलेले पराठे,
जे पहिल्या बैठकीला कोणी आणले नव्हते.
पहिल्या बैठकीला कोणी बोललंही नव्हतं.

मी टाचणं काढते. अरबीतून इंग्रजीत.
समासात मात्र माझं माझं, मराठीत.
ते कुणी तपासत नाही.

एचआयव्ही हा शब्द प्रश्नावलीत एकतीस वेळा,
खोलीत अजून एकदाही नाही.
मुलं त्याला नुसतं 'ते' म्हणतात,
आमच्या गुहागरला रात्री सापाला
'लांबडं' म्हणतात तसं.

थुरैया सोळाची. तिने लाल पेन मागून घेतलं.
प्रश्न सतरा:
गेल्या सात दिवसांत किती गोळ्या चुकल्या?
"हा कोणी लिहिला?"
"मी," डॉक्टर मायसून म्हणाल्या.
"तुम्ही घेता का काही रोज, रात्री आठला,
मामा दिवाणखान्यात बसलेला असताना?"

समासात मी लिहिलं: चुकणे.
बस चुकते. गणित चुकतं. काळजाचा ठोका चुकतो.
पोर चुकलं की कान पिळतात.
एवढं सगळं ओझं
एका गोळीवर.

हिलाल बर्काचा, गोलकीपर.
म्हणाला, सात दिवस कुणाच्या लक्षात राहतात?
मॅच विचारा, मिनिटासकट सांगतो.
आणि रमजान वेगळा विचारा.
रमजानात रात्री घरात चपला ठेवायला जागा नसते,
तिथे पाण्याचा पेला घेऊन
एकटं कुठे जायचं?

झुवैना गोळ्या उदाच्या डबीत लपवते.
आता कुणाच्या लग्नात ऊद जाळला
तरी तिचं तोंड कडू होतं.
"याला रकाना आहे तुमच्याकडे?"
नव्हता.
डॉक्टरांनी कागद उलटा केला
आणि पाठीमागे हातानेच ओढला, वाकडा.

मग पाचवी खुर्ची.
मुदस्सर, आई हर्णैची, जन्म इथला,
माझ्याशी हळूच आपल्या बोलीत बोलायचा:
बाय, ह्यांना सांग, ती गोळी लय मोठी हाय.
मी सांगितलं होतं. टाचणात आहे.
बापाचं काम सुटलं, घर आवरलं,
फायलीवर शिक्का बसला:
पाठपुराव्यातून सुटला.

थुरैयाने त्याखाली रेघ मारली.
सुटला?
की सोडला?
(हे तिचं अरबी. शब्दांचा खेळ माझा.
पण रेघ तिचीच, कागद फाटेपर्यंत.)

डॉक्टर म्हणाल्या, निधीत ते बसत नाही,
आपला अभ्यास इथल्यांपुरता आहे.
हिलाल म्हणाला, तो इथलाच होता
गेल्या मंगळवारपर्यंत.
कुणीच खजूर घेतला नाही त्यानंतर.

शेवटी नावांचा प्रश्न.
अहवालावर खरी नावं घालता येत नाहीत,
आणि 'काही युवक' असं लिहिलेलं त्यांना नको.
"प्रश्न आम्ही बदलले. काही युवकांनी नाही."
बराच वाद झाला. मग झुवैना म्हणाली, मासे.
मत्रहच्या बाजारातले.

म्हणून पहिल्या पानावर, डॉक्टरांच्या नावाच्या वर
(वर, यावर मतदान झालं)
सुरमई, शेवंड, हलवा.
डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं, मग हसल्या,
मग विद्यापीठाला काय सांगायचं
याची काळजी करत बसल्या.

आठ वाजले. तीन फोन एकदम वाजले,
तीन वेगवेगळ्या सुरांत.
एकाने तर चक्क कोंबडा लावलेला.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पाणी फिरलं.

प्रश्न सतरा आता असा आहे:
गोळी घेणं कोणत्या दिवशी जड गेलं, आणि तेव्हा घरात कोण होतं?
अठरावा नवीन आहे, अजून मंजूर नाही:
इथून जावं लागलं, तर तुझी फाईल
तुझ्याबरोबर कोण पाठवणार?

समासात मी एक मासा लिहून ठेवलाय.
बांगडा.
हर्णैच्या बंदरावर टोपलीने मिळतो.
आज फोन लावला होता. वाजला,
उचलला नाही.
उद्या परत लावते.