आस

उघड्या समुद्राचं सोपं असतं.
एक आरंभबिंदू, दोन बिंदूंतलं अंतर,
आडवे किती, उभे किती,
एवढं लिहिलं की बाकीचं पाणी आपोआप मांडलं जातं.
कुणाच्या शेजारी कोण, विचारावं लागत नाही :
डावीकडचा डावीकडे, खालचा खाली,
पाढ्यासारखं.
फाइल हलकी. साहेब खूश.

किनारा जवळ आला की रेघा वाकवायच्या.
मग प्रत्येक बिंदूला स्वतःचे अक्षांश-रेखांश,
पण रांग मोडायची नाही,
वळणावरून जाणाऱ्या प्रभातफेरीसारखी.

आणि मग येते उम्म अल कुवैनची खाडी.
तिवरं, कालवं, ओहोटीला उघडं पडणारं वाळूचं पाठाड.
माझ्या चौकोनांत ती चार वर्षं जमीन होती.
तिच्या जागी एकच आकडा :
उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.
म्हणजे, इथे काही नाही.

बशीर मुकादम, दाभोळचा,
नमुन्याच्या बाटल्या भरतो.
त्यानं स्क्रीनवर बोट टेकलं, ओलं, मिठाचं :
"सकाळी हितंच कमरेभर पाण्यात होतो की मी."
मग म्हणाला, "तुमच्या जाळ्याचा आस केवढा?"
चार किलोमीटर.
"एवढ्या आसातून अख्खं दाभोळ निसटेल."

मग त्रिकोण घातले.
खाडीच्या तोंडाशी पडवीएवढे, बाहेर ऐसपैस.
आता क्रमांकावरून काही कळत नाही :
चार हजार एकशे सतराच्या शेजारी दोनशे नऊ असेल,
नाहीतर नुसती वाळू.
म्हणून वेगळा तक्ता,
कोणता त्रिकोण कुठल्या तीन बिंदूंचा.
पाण्याच्या आकड्यांहून
या शेजाराचंच ओझं जास्त.

बुधवारी बशीर फॉर्म घेऊन आला.
आणीबाणीत कुणाला कळवायचं?
अजमानच्या खोलीत सहाजण, सहा मुलखांचे,
कोण कधी बदलून जाईल नेम नाही.
"तुमचं टाकतो. गावात हे लिहावं लागत नव्हतं,
भिंतीपलीकडे खोकलं तरी कळायचं."
मी नंबर सांगितला.
नात्याच्या रकान्यात काय भरलं, पाहिलं नाही.

पहाटे गणित संपलं.
खाडीत पहिल्यांदाच आकडा उमटला :
क्षारता बेचाळीस पूर्णांक सहा.
बशीरच्या बाटलीत त्रेचाळीस पूर्णांक एक.

फरक तसाच ठेवला,
दोन्ही नोंदी एकाच फाइलीत,
शेजारीशेजारी.